बट्टा : कौटिल्याच्या रूपदर्शकापासून कार्डाच्या यंत्रापर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण हुंडीचा विचार केला. आज त्याच बाजारातल्या एका लहान शब्दाकडे वळू. शब्द आहे ‘बट्टा’. आज हा शब्द आपण बहुतेक वेळा एकाच अर्थाने वापरतो : घराण्याच्या नावाला बट्टा लागला, म्हणजे कमीपणा आला. पण सराफाच्या दुकानात बट्टा म्हणजे नाणं बदलून देताना त्याच्या किमतीतून जी कपात होते ती. ‘वटाव’ हा त्याचाच भाऊबंद. चेक ‘वटला’ असं आपण अजून म्हणतोच. आणि एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोचवण्याबद्दल द्यायची ती ‘हुंडणावळ’. पैशाची अदलाबदल फुकट होत नाही, ही गोष्ट आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता हा विषय आज कशाला, असं कोणी विचारेल. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-नातवंडं परदेशात आहेत. आपण तिकडे जातो, दुकानात, हॉटेलात, एटीएमवर भारतीय कार्ड वापरतो. तिथे यंत्राच्या पडद्यावर एक साधा प्रश्न येतो : पैसे युरोत द्यायचे की रुपयांत? रुपया बघून आपल्याला बरं वाटतं. आपण रुपयाचं बटण दाबतो, आणि तिथेच बट्टा भरून मोकळे होतो. या प्रकाराला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’, थोडक्यात डीसीसी म्हणतात. त्यातून सुटायचं कसं ते आपण शेवटी पाहूच. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ‘हे करा, हे करू नका’ एवढ्यावर समाधान होत नाही. हा बट्टा आला कुठून, आणि तो न्याय्य कधी व अन्याय्य कधी, हे इतिहासाला विचारायला हवं.

सुरुवात कौटिल्यापासून करू. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात ‘रूपदर्शक’ नावाचा अधिकारी येतो. रूप म्हणजे नाणं. ते पारखणारा तो रूपदर्शक. नाण्यांच्या व्यवहारावर राजाने घ्यायचे आकार तिथे दिले आहेत. रूपिक शेकडा आठ, व्याजी शेकडा पाच, आणि पारीक्षिक, म्हणजे पारखण्याचा आकार, शेकडा एक अष्टमांश. बेरीज तेरा टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे कौटिल्य काही स्वस्तातला माणूस नव्हता! पण एक गोष्ट बघा. प्रत्येक आकाराला स्वतंत्र नाव आहे. राजाचा वाटा किती, पारखणाऱ्याची मेहनत किती, हे वेगवेगळं सांगितलं आहे. देणारा तक्रार करू शकेल, पण ‘मला कळलंच नाही’ असं त्याला म्हणता येणार नाही. आजच्या सगळ्या विवेचनाची किल्ली इथे आहे. कपातीला नाव आहे की नाही, हा प्रश्न हातात धरून आपण पुढे जाऊ.

दुसरा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या जवळचा. १६७४ चा जून महिना, रायगड. राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर आलेला होता. तहाच्या कलमांत कंपनीची एक मागणी अशी होती, की इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. या मागणीला मिळालेलं उत्तर इंग्रजांच्याच कागदपत्रांत नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा : आम्ही कुठल्याही नाण्याला मनाई करत नाही, पण ज्या नाण्याने रयतेचं नुकसान होईल ते घेण्याची सक्तीही आम्ही तिच्यावर करू शकत नाही. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला इतर राजांच्या नाण्यांसारखं असेल तर ते चालेल.

या उत्तरातला विचार नीट पाहा. नाण्यावर छाप कोणाची, हा मुद्दा दुय्यम ठरवला आहे. घेणाऱ्याच्या पदरात खरोखर किती पडतं, हा मुद्दा मुख्य. आणि सक्ती नाही, निवड रयतेची. अर्थात ही निवड खरी ठरायची तर रयतेला कस आणि वजन कळायला हवं. ते सांगणारा माणूस गावात असे, त्याचं नाव पोतदार. गावात येणारं नाणं खरं की खोटं, चोख की हिणकस, हे पाहणं त्याचं काम. आज पोतदार हे आपल्याला नुसतं आडनाव वाटतं. एके काळी ते गावच्या विश्वासाचं एक पद होतं.

पेशवाईत हे काम आणखी अवघड झालं. एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती असे किती तरी रुपये फिरत. टाकसाळी अनेक, प्रत्येकीचा कस वेगळा. तेव्हा सराफाशिवाय बाजार चालणंच शक्य नव्हतं. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने भारतीय सराफांच्या कसबाची मोठी वाखाणणी करून ठेवली आहे. नाणं पारखल्यावर सराफ त्यावर आपली बारीकशी खूण ठोकत. अशा खुणांची नाणी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. बट्टा हा त्या कसबाचा मोबदला होता, आणि तेवढ्यापुरता तो रास्तच होता. शेजारी दुसरा सराफ बसलेला असे. याचा भाव पटला नाही तर गिऱ्हाईक चार पावलं चालून दुसऱ्याकडे जाई.

पण सगळ्यांना हे चार पावलांचं स्वातंत्र्य नव्हतं. शेतसारा भरायला आलेल्या कुणब्याकडे ठरलेलं नाणं नसेल, तर फरकाचा बट्टा त्याच्या माथी पडे. भाव सांगणारा समोरचाच, पैसे घेणाराही समोरचाच, आणि जायला दुसरं ठिकाण नाही. तोच शब्द, तीच कपात, पण एका ठिकाणी ती मजुरी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती लूट होऊ शकते. फरक टक्केवारीत नाही. फरक माहितीत आणि पर्यायात आहे.

बट्टा अन्यायाकडे कसा झुकतो, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण बंगालचं. तिथल्या सिक्का रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष असे. चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीचा. वर्ष उलटलं की त्यावर शेकडा तीन बट्टा, दोन वर्षं उलटली की शेकडा पाच. रुपयातली चांदी मात्र तीच! झिजलेल्या नाण्याला कपात समजू शकते. इथे न झिजलेल्या नाण्यालाही कपात, कारण तसा रिवाज पडलेला. शेवटी कंपनी सरकारने तोड काढली ती गमतीची आहे. सगळ्या सिक्का रुपयांवर शाह आलमच्या कारकिर्दीचं एकोणिसावंच वर्ष छापायचं, पुढची वर्षं आली तरी. १७९३ च्या नियमांनी हा एकोणिसाव्या सनाचा रुपया पक्का केला. वर्ष थांबवलं, म्हणजे वर्षावरचा बट्टा थांबला.

पुढे १८३५ च्या कायद्याने १ सप्टेंबरपासून कंपनीच्या मुलखात एकच रुपया आला : वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. सराफाच्या बट्ट्याचा मोठा आधार त्या दिवशी गेला. पण संस्थानांत जुनी नाणी राहिली. आपल्या मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द आठवत असतील. निजामाचा तो हाली रुपया, आणि इंग्रजी मुलखातला यंत्रावर पाडलेला तो कलदार. पुढच्या काळात त्यांचा सरकारी भाव सात हालीला सहा कलदार असा ठरलेला होता. म्हणजे शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजायचे. हिशेब किचकट, पण जाहीर. भाव सगळ्यांना पाठ, त्यामुळे नाणी बदलून देणाऱ्याने त्यावर किती जास्त घेतलं हे लगेच कळे.

आता आपण एकदम विसाव्या शतकाच्या प्रवाशाकडे येऊ. प्रवासी परक्या देशात जातो तेव्हा तो त्या कुणब्यासारखाच असतो : भाव माहीत नाही, भाषा येत नाही, मागे रांग उभी. त्याच्या सोयीसाठी अमेरिकन एक्स्प्रेसने १८९१ मध्ये प्रवासी धनादेश काढले. सुरुवातीच्या त्या धनादेशांवर एका डॉलर-रकमेबद्दल इंग्लंडमध्ये किती पौंड, फ्रान्समध्ये किती फ्रँक मिळतील, हे छापलेलंच असे. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं कार्ड आलं, १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात बँक ऑफ अमेरिकेचं. त्याचंच नाव १९७६ मध्ये व्हिसा झालं. आपल्याकडे तेव्हा कार्ड सोडाच, परकी चलन मिळणंच कठीण. परदेशी निघालेल्या माणसाला अवघे आठ डॉलर नेता येत, तो काळ इथल्या काही श्रोत्यांनी पाहिलेला असेल. १९७३ चा फेरा कायदा जाऊन १ जून २००० पासून फेमा लागू झाला, २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे पाठवण्याची उदार योजना आणली, आणि भारतीय कार्ड जगभर सर्रास चालू लागलं.

कार्डाच्या व्यवहारात बट्टा कुठे बसतो? आपण पॅरिसमध्ये युरोत पैसे दिले, की कार्डाचं जाळं, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे, आपल्या घाऊक बाजाराजवळच्या दराने त्याचं रूपांतर करतं. त्यावर आपली भारतातली बँक आपला आकार लावते, त्याला ‘मार्कअप’ म्हणतात. साडेतीन टक्के हा पुष्कळ कार्डांवरचा आकडा; काहींवर कमी, काहींवर शून्य. त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. हा झाला नाव असलेला बट्टा; बँकेच्या शुल्कपत्रकात तो लिहिलेला असतो.

तोही सहजासहजी नावारूपाला आलेला नाही, बरं का. अमेरिकेत कार्डधारकांनी कार्ड-कंपन्या आणि बँकांवर दावे लावले. रूपांतराचं शुल्क दरातच मिसळलेलं आहे, आम्हाला वेगळं दाखवलेलं नाही, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. २००६ मध्ये ३३ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड झाली. शुल्क घेतलं एवढ्यावर लोक चिडले नव्हते, ते लपवलं यावर चिडले होते.

डीसीसीमध्ये हेच लपणं नव्या रूपाने परत येतं. कार्डाच्या पहिल्या काही आकड्यांवरून यंत्राला कळतं की हे कार्ड भारतातलं. ते लगेच म्हणतं, तुमचं बिल रुपयांत देऊ का? इथे रूपांतर आपली बँक करत नाही, दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा करते. दर तिचा. त्या दरात तिची कमाई मिसळलेली असते, आणि तिचा वाटा त्या बाजूची बँक, सेवा देणारी कंपनी आणि बहुधा दुकानदार यांच्यात पडतो. ही कमाई काही टक्क्यांची असते. एटीएमवर कधी कधी दहा टक्क्यांच्याही वर जाते.

एक हिशेब मांडू. सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा. हॉटेलचं बिल २०० युरो, म्हणजे २०,००० रुपये. युरोत दिलं तर बँकेचे साडेतीन टक्के ७०० रुपये, त्यावर जीएसटी १२६. एकूण २०,८२६. आता रुपयांत देऊ आणि यंत्राच्या दरात सहा टक्के मिसळलेले आहेत असं धरू. बिल २१,२०० चं झालं. तुम्ही म्हणाल, निदान बँकेचा आकार तरी वाचला. तोही वाचतोच असं नाही! परदेशातल्या दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपल्याकडच्या अनेक बँका वेगळं शुल्क लावतात. ते एक टक्का धरलं तर २१२ रुपये, त्यावर जीएसटी सुमारे ३८. एकूण २१,४५०. म्हणजे एका बिलामागे ६२४ रुपये जास्त. आणि शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर फरक १,४५० चा.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. रुपयातला आकडा जागीच कळतो, ही खरी सोय आहे. युरोत दिलं तर नेमके रुपये नोंद झाल्यावर कळतात. यंत्राचा दर कमी कमाईचा असेल आणि आपलं कार्ड महाग असेल, तर क्वचित रुपयांचा पर्याय स्वस्तही पडेल. पण ते ठरवायला दोन्ही दर समोर हवेत, आणि गल्ल्यावर उभं राहून ते फार थोड्यांना जमतं.

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न येतो. निवड म्हणजे काय? ऑस्ट्रेलियात यावर एक बोलकं प्रकरण घडलं. व्हिसाने २०१० मध्ये काही काळ डीसीसीच्या विस्ताराला बंदी घातली. तिथल्या स्पर्धा आयोगाने ती स्पर्धेला मारक ठरवून दावा लावला, आणि २०१५ मध्ये व्हिसाला १ कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. म्हणजे कायद्याच्या नजरेने डीसीसी हा ग्राहकाला मिळणारा आणखी एक पर्याय, आणि पर्याय बंद करणं चूक. हे म्हणणं खोटं नाही. व्हिसाचाही त्यात स्वार्थ होता. रूपांतराची कमाई कोणाकडे जाते, हा दोन मोठ्यांमधला झगडा होता. पण दोन बटणं समोर आली म्हणजे निवड पूर्ण होत नाही. दोन्ही बटणांची किंमत कळली तर ती निवड, एरवी तो नुसता कौल.

युरोपीय संघाने या बाबतीत शहाणपणाचा मार्ग घेतला. १९ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार, रूपांतराचा आकार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ताज्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के जास्त आहे, ते ग्राहकाला आधी दाखवावं लागतं. बंदी नाही, सक्ती नाही. फक्त कपातीला नाव आणि आकडा द्यायचा. हा नियम संघातल्या देशांमधल्या व्यवहारांसाठी आहे, तेव्हा आपल्या भारतीय कार्डाला तो लागू होईल असं धरून कोणी गाफील राहू नये. पण विचार बघा : कौटिल्याचं पारीक्षिक आणि रायगडावरचं उत्तर, दोन्ही त्यात आहेत.

ॲरिस्टॉटल एके ठिकाणी म्हणतो, की नाण्याला ग्रीक भाषेत ‘नोमिस्मा’ म्हणतात, कारण ते निसर्गाने नव्हे, ‘नोमोस’ने, म्हणजे लोकांच्या संकेताने चालतं. पैसा हा मुळात करार आहे. आणि करारातल्या एका पक्षाला अटी दिसत नसतील, तर तो करार बट्टा लागलेला करार आहे. आपल्या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकत्र येतात.

आता व्यवहाराचं. लिहून घ्या.

एक. निघण्यापूर्वी आपल्या प्रत्येक कार्डाचा परदेशी मार्कअप बँकेच्या शुल्कपत्रकात पाहा, आणि सगळ्यात कमी असलेलं कार्ड पुढे ठेवा. २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ॲपमधून ते चालू करा आणि मर्यादाही घाला.

दोन. यंत्राने चलन विचारलं की जिथे उभे आहात तिथलं चलन निवडा. लंडनमध्ये पौंड, दुबईत दिरहॅम. हा एकच नियम लक्षात राहिला तरी पुष्कळ झालं.

तीन. पिन दाबण्यापूर्वी पडद्यावरचं चलन वाचा. दुकानदाराने आपणहून रुपयांचं बटण दाबलं असेल तर तो व्यवहार रद्द करून पुन्हा स्थानिक चलनात करायला सांगा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. ग्राहकाला विचारूनच रूपांतर करावं, असा कार्ड-जाळ्यांचाच नियम आहे.

चार. एटीएमवर ‘रूपांतर नाकारा’ असं बटण आलं तर घाबरू नका. त्याने फक्त त्यांचा दर नाकारला जातो, पैसे मिळतात. यंत्राचं स्वतःचं शुल्क वेगळं असतं, ते वेगळं वाचा.

पाच. हॉटेल आणि भाड्याच्या गाडीच्या कागदांवर सही करताना रूपांतराच्या संमतीची ओळ आहे का पाहा. परदेशी संकेतस्थळावर खरेदी करतानाही रुपयांतली किंमत दिसली की हाच प्रश्न विचारा.

सहा. पावती जपा. न विचारता रूपांतर केलं असेल तर त्या पावतीच्या आधारे आपल्या बँकेकडे वाद नोंदवता येतो.

आणि एक विनंती आपल्यातल्या व्यापारी मंडळींना. आपल्या दुकानांत परदेशी पाहुणे येतात, आपल्याकडच्या यंत्रांवरही हाच प्रश्न उमटतो. तो प्रश्न पाहुण्याला वाचू द्या, त्याच्या वतीने बटण दाबू नका. सराफाची खूण नाण्यावर उघड दिसत असे. आपली कमाईही तशीच उघड असावी.

बट्टा संपणार नाही. जोवर नाणी वेगळी आहेत तोवर ती बदलणाऱ्याला त्याची मजुरी मिळेल, आणि मिळावीही. पण जुन्या गावात पोतदार असे, आज यंत्रासमोर आपण एकटे असतो. म्हणून आपला पोतदार आपणच व्हायचं. पुढच्या व्याख्यानात हुंडणावळीचा वाद पाहू : रुपया एक शिलिंग चार पेन्सचा की सहा पेन्सचा, आणि १९२७ च्या कायद्याने त्याचा निकाल कसा लावला. आज इथेच थांबू.